पद्मकूटच्या अमात्यांनी आपलाच बांध कापला

पूर्वी चपळा नदीच्या उजव्या काठावर पद्मकूट नावाच्या नगरात राजा अरिंजय राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी त्याच्या अमात्याच्या रूपाने जन्म घेतला होता. नाव क्षेमक. बोलणं थोडं, चालणं फार. राज्यातला एकेक ओघळ, एकेक उतार त्यांनी पायाखाली घातलेला. पण ही गोष्ट ऐकताना तुम्ही अमात्यांच्या मागे फिरू नका, मंडळी. फिरायचं ते वज्रबाहूच्या मागे. अमात्यांनी जे केलं ते सगळ्यांत जवळून त्याने पाहिलं, आणि सगळ्यांत जास्त घालमेल झाली तीही त्याचीच.

हा वज्रबाहू पद्मकूटचा बांधपाल, म्हणजे नदीकाठचा मातीचा बांध राखणारा अधिकारी. दंड नावाला शोभणारे, आवाज असा की बांधावरून ओरडला तर बाजारातली गाय दावं तोडायची. राग नाकाच्या शेंड्यावर. आणि अख्ख्या जन्मात त्याला दोनच गोष्टींचं वेड: एक त्याचा बांध, दुसरी त्याची एकुलती एक लेक नंदिका.

नदीच्या पलीकडे, डाव्या काठावर, शालिपूर. तिथे राजा सुषेण. दोन्ही नगरांचा बाजार एक, देव एक, सोयरीकही सर्रास. वज्रबाहूने नंदिका दिली होती ती शालिपूरच्या बांधपालाच्याच घरी. तो कर्दम. काटकुळा, तिरकस बोलणारा, मिशीत हसणारा. असे हे दोघे व्याही, आणि नदीच्या दोन काठांवरचे हाडवैरीसुद्धा.

वैर कसलं? चपळेचं. एरवी चपळा म्हणजे ओढाच म्हणा ना, उन्हाळ्यात शेळीसुद्धा पोट न भिजवता पार व्हायची. पण श्रावण-भाद्रपदात डोंगरावर ढग फुटले की बाईसाहेबांचा रंगच पालटायचा. दोन्ही काठांवर बांध. ज्याचा बांध ठेंगणा, त्याच्या घरात पाणी. आणि एकदा का एका काठाचा बांध फुटला, की सगळं पाणी तिकडे पसरणार आणि दुसरा काठ सुटला! मग काय, दरवर्षी यांनी हातभर माती चढवायची, की त्यांनी सव्वा हात.

आणि कोणाचा बांध उंच हे ठरवायला त्यांनी चक्क एक उत्सव काढला होता. चैत्र सरता सरता दोन्ही नगरं बांधांवर लोटायची. इकडच्या माथ्यावर एक खांब, तिकडच्या माथ्यावर तेवढाच दुसरा. नदीवरून तागाचा दोर ताणायचा, त्याला भरपूर तूप चोळायचं, आणि होडीतून मधोमध जाऊन दोरावर तांब्याची कडी सोडायची. कडी घसरत घसरत ज्या काठाकडे जाईल, तो काठ ठेंगणा. ज्यांच्याकडे कडी गेली ते माना खाली घालून टोपल्या उचलायला लागायचे. दुसऱ्या काठावर ढोल, लाडू आणि नुसता धिंगाणा.

त्या वर्षी कडी शालिपूरकडे गेली. अहो, वज्रबाहू असा नाचला की त्याचं पागोटं नदीत पडलं!

"व्याहीऽऽ! यंदा पोहायला शिकून घ्या हो!"

"शिकतो की!" पलीकडून कर्दम ओरडला. "पण तुमच्या तोंडाला कुणी बांध घालील का ते आधी बघा!"

दोन्ही काठ खदखदा हसले. नंदिका तेव्हा सणासाठी माहेरी आली होती. ती तेवढी हसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "कडी आमच्याकडे आली म्हणून तुम्ही नाचता. मग पाणीसुद्धा आमच्याकडेच येणार ना?"

"अगं, खेळ आहे हा! तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणून वज्रबाहूने तिच्या हातावर लाडू ठेवला. लाडू तिने खाल्ला नाही, हे मात्र त्याच्या लक्षात राहिलं.

राजा अरिंजय खूश होता. त्याच आनंदात त्याने अमात्य क्षेमकांना एक इनाम दिलं. नगराच्या वरच्या अंगाला नदी जिथे वळण घेते, तिथलं बांधामागचं खोलगट शेत. सगळ्या राज्यात तसली भाताची जमीन नव्हती. क्षेमकांनी शेत घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, एक मागणं आहे. आपला बांध वाढतो खरा, पण माती आपण त्याच्याच पायथ्याची उपसतो. दरवर्षी बांध वर चाललाय आणि नगर खाली चाललंय. शालिपूरकरही तेच करतात. दोघांनी मिळून बांध थोडे मागे घेऊ. नदीला पसरायला जागा देऊ. पलीकडे राहतात तेही आपलेच सोयरे." आणि त्यांनी ही गाथा म्हटली:

पाण्याला नाही माहेर । पाण्याला नाही सासर ।
जिकडे मिळे उतार । तिकडे धावे ॥

"वा! गाथा छान आहे," राजा म्हणाला. "पण जिंकलेल्या माणसाने मागे सरायचं, हे कुठलं राजकारण, अमात्य?" दरबार हसला. वज्रबाहूही हसला, आणि हसताना त्याला नंदिकेचा लाडू आठवला.

मग आला भाद्रपद. चार-आठ दिवस डोंगर दिसेनासा झाला. आणि एका सकाळी चपळेचा जो आवाज आला, तो ऐकून पद्मकूटच्या चुलींवरची भांडी तशीच राहिली आणि माणसं बांधावर धावली.

पाणी बांधाच्या माथ्यापासून जेमतेम दीड हात खाली! झाडं वाहून येताहेत, गोठ्यांची छपरं वाहून येताहेत, आणि समोर पलीकडच्या बांधावर शालिपूरची माणसं मुंग्यांसारखी माती ओतताहेत. पण त्यांचा बांध अजूनही हातभर ठेंगणा. माथ्याजवळची माती खचताना उघड दिसत होती. पद्मकूटच्या गर्दीत कुणीतरी ओरडलं, "फुटणार! त्यांचा फुटणार!" मग दुसरा, मग दहा. बघता बघता सगळा काठ एका सुरात म्हणायला लागला, "फुटू दे! फुटू दे!"

वज्रबाहूचेही ओठ हलले. 'फुटू' इतकं निघालं आणि पुढचं आलंच नाही. माती खचत होती त्याच्या मागेच कर्दमाचं घर. त्या घरात त्याची लेक. या उजव्या बांधावर त्याने आजवर जितक्या टोपल्या ओतल्या होत्या, त्या सगळ्या त्याला एकदम तिच्या डोक्यावर दिसायला लागल्या. एवढा धिप्पाड माणूस! तो मटकन खाली बसला.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. अमात्य क्षेमक! अनवाणी, धोतर गुडघ्यावर खोचलेलं, खांद्यावर कुदळ.

"ऊठ, वज्रबाहू. माझं शेत बुडवायचंय."

"काय?"

"वळणावरचा बांध कापायचा. त्या शेतातून नदीचं जुनं पात्र जातं. मी सगळं चालून पाहिलंय. खालच्या लव्हाळ्याच्या पाणथळापर्यंत सरळ उतार आहे. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. तिकडे गेलं तर दोन्ही काठांवरचा भार उतरेल."

"अमात्य, बांध कापणाऱ्याला आपल्याकडे काय शिक्षा आहे ठाऊक आहे ना? कमरेला दगड बांधून नदीत सोडतात!"

"ठाऊक आहे. सकाळीच महाराजांकडे परवानगी मागायला गेलो होतो. ते म्हणाले, शेत तुमचं, पण बांध माझा. शालिपूर बुडालं तर पुढच्या वर्षी त्यांची शेतं आपलीच आहेत, असंही म्हणाले." क्षेमकांनी घाम पुसला. "कापणार मी. शिक्षा मला होईल. तू फक्त कापलेल्या जागेचं तोंड सांभाळायला ये."

इथे वज्रबाहूमधला बांधपाल जागा झाला. "आणि नाही सांभाळता आलं तर? कापलेला बांध आपणहून ढासळत जातो, अमात्य. वळणापासून ढासळत नगरापर्यंत आला तर आपणच बुडालो. त्याला अडवायला दगड भरलेले वेताचे करंडे लागतात, ढिगाने लागतात. आपल्याकडे आहेत ते पुरणार नाहीत."

"पुरणार नाहीत. म्हणून खालच्या आळ्यांतली माणसं मी पहाटेच टेकडीवर नेऊन बसवली. उरलेले करंडे शालिपूरकडे आहेत."

"ते देतील?"

"माहीत नाही," क्षेमक म्हणाले.

बघा मंडळी, दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, देतील, देतील, का नाही देणार! पण बोधिसत्त्व खोटा धीर देत नाहीत. वज्रबाहूने एकदा अमात्यांकडे पाहिलं, एकदा पलीकडे पाहिलं, आणि हातातली काठी फेकून दुसरी कुदळ उचलली.

"चला!" तो म्हणाला. "होऊ दे काय व्हायचं ते!"

वळणावर पोचले तेव्हा शेतातलं भात पोटरीत आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, हिरवंगार, वाऱ्यावर डुलत होतं. क्षेमकांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पहिला घाव घातला. दुसरा घाव वज्रबाहूचा. जन्मभर ज्या बांधावर माती चढवली तो आपल्या हाताने फोडताना त्याला रडूच कोसळलं, पण कुदळ थांबली नाही. घावावर घाव. आधी बोटाएवढी धार, मग मांडीएवढी, आणि मग एकदम मोठ्ठा आवाज! पाणी आत घुसलं. डुलणारं भात एका दमात आडवं झालं, आणि तांबडं पाणी फुसांडत, खरोखरच, जुन्या पात्राने लव्हाळ्याकडे धावत सुटलं.

पद्मकूटच्या बांधावर हलकल्लोळ माजला. "बांध कापला! धरा! मारा!" लोक लाठ्या घेऊन धावत आले. क्षेमक दोन्ही हात जोडून त्यांच्या वाटेत उभे राहिले. पण त्यांच्या पुढे वज्रबाहू उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "आधी करंडे आणा रे! मग मला मारा! तोंड रुंदावतंय, दिसत नाही का आंधळ्यांनो?"

आवाज सवयीचा. लोक दचकले, आणि लाठ्या टाकून करंडे आणायला पळाले.

इकडे शालिपूरच्या बांधावर काय झालं? पाणी उतरायला लागलं! बांधाच्या अंगावर ओल्या मातीची पट्टी उघडी पडली, हातभर, दोन हात. सगळा काठ आनंदाने वेडा झाला. "कापला! त्यांनी आपलाच बांध कापला! वेडे झालेत!" माणसं नाचायला लागली.

वज्रबाहू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हे बघत होता. हातातला करंडा त्याने तोंडाच्या कडेला रेटला, आणि डोळ्यांदेखत कडेची खंडीभर माती ढासळून वाहून गेली. आणखी एक करंडा, आणखी ढासळली. तोंड नगराच्या दिशेने सरकत होतं. आणि पलीकडे नाच चालला होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघितलंत, अमात्य? यांच्यासाठी केलंत तुम्ही! वाचले ना, आता आपण मेलो काय नि जगलो काय, यांना काय त्याचं!"

क्षेमक त्याच्या शेजारीच पाण्यात होते, छातीला करंडा लावून. ते म्हणाले, "त्यांना नाचू दे. बुडता बुडता वाचलेला माणूस आधी नाचतोच. जरा दम धर."

आणि खरंच! त्या नाचणाऱ्या गर्दीतून एक काटकुळा माणूस बाजूला झाला. कर्दम. तो जरा वेळ कापलेल्या तोंडाकडे पाहत राहिला. बांधपालच तो. तोंड कुठे सरकतंय ते त्याला एका नजरेत कळलं. पाणी उतरलं होतं तरी धार जोरात होती, पण त्याने होडी ओढली, तीत करंडे चढवले आणि लोटली. मागून दुसरी होडी निघाली. मग तिसरी. मग शालिपूरचे कोळी, कुंभार, बाया, सगळा बांधच जणू होड्यांत बसला!

"व्याहीऽऽ!" कर्दमाचा आवाज आला. "पोहायला शिकलो हो! आता बाजूला व्हा, तुम्हाला करंडा लावता येत नाही!"

"तुमच्या आजोबांना येत होता का?" वज्रबाहू ओरडला, आणि ओरडता ओरडता ओक्साबोक्शी रडायला लागला.

मग काय सांगू मंडळी! त्या तोंडाच्या दोन्ही अंगांना माणसांच्या रांगा लागल्या. हातातून हातात करंडे चालले. कोणी दगड भरतंय, कोणी वेत आवळतंय, कोणी खांद्याला खांदा लावून पाण्यात नुसतंच आडवं उभं राहतंय, मागचा करंडा बसेपर्यंत. चिखल इतका की डोळे आणि दात सोडून माणसाचं काही दिसेना. वज्रबाहू पुढचा करंडा घ्यायला वळला. देणारे हात बारीक होते, करंडा जड होता, म्हणून तो करवादला, "अरे, नीट धर की!"

"तुम्हीच नीट धरा, बाबा," चिखल म्हणाला. "माझ्या पायावर टाकाल."

नंदिका! वज्रबाहूने करंडा घेतला, लावला, आणि पुढच्यासाठी पुन्हा हात पुढे केले. दुसरं काय करणार? थांबायला वेळ कुणाला होता? पण त्यानंतर त्याने लावलेला एकही करंडा हलला नाही.

एवढ्यात राजा अरिंजय हत्तीवरून आला. रागाने लाल. त्याच्यामागे सैनिक. "कोणी कापला माझा बांध?"

क्षेमक पाण्यातून वर आले. "मी, महाराज."

"मीही!" वज्रबाहू ओरडला. "दुसरा घाव माझा!"

"शालिपूरची माणसं माझ्या हद्दीत कशी आली? हाकला त्यांना! आणि आपली माणसं बाहेर काढा!"

सैनिक पुढे झाले आणि थबकले. राजा म्हणाला, "का थांबलात?" सेनापती चाचरत म्हणाला, "महाराज, यातले आपले कोण, तेच कळत नाही."

राजाने वाकून पाहिलं. सगळी चिखलाने माखलेली. एकाचा हात दुसऱ्याच्या कमरेत. एकजण घसरला की शेजारचे तिघे त्याला धरत होते. राजाने क्षेमकांकडे पाहिलं. "अमात्य, तुम्ही तरी सांगा. आपले कोण?"

"महाराज, मलाही ओळखू येत नाही," क्षेमक म्हणाले.

राजाने पुन्हा एकदा त्या चिखलातल्या रांगांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दंडाचा दगड आणा."

वज्रबाहूने डोळे मिटले. क्षेमक मात्र शांतपणे पुढे आले आणि उभे राहिले. चार सैनिकांनी तो भलामोठा दगड उचलून आणला. राजा हत्तीवरून खाली उतरला, गुडघाभर चिखलात उभा राहिला आणि म्हणाला, "बघत काय बसलात? करंड्यात टाका तो! तोंड अजून सरकतंय ना?"

अहो, जो जयजयकार झाला! तो दगड बसला तशी कड थांबली. संध्याकाळपर्यंत तोंडाच्या दोन्ही कडा बांधून झाल्या. पाणी हवं तेवढंच जात राहिलं, आणि दोन्ही नगरांतलं एक घर पडलं नाही, एक जीव गेला नाही. अमात्यांच्या शेतात मात्र भाताची एक काडी उरली नाही.

पुढे राजा सुषेण आणि राजा अरिंजय त्याच वळणावर भेटले. बांध दोन्हीकडून मागे घेतले. पायथ्याची माती उपसणं बंद झालं. क्षेमकांनी आपलं शेत नदीला देऊन टाकलं, ते दोन्ही राज्यांचं पाणथळ झालं. डोंगरात पाणी वाढलं की नगारा दोन्ही काठांना ऐकू जाईल असा वाजू लागला. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: पद्मकूटच्या बांधाची राखण शालिपूरकरांनी करायची आणि शालिपूरच्या बांधाची पद्मकूटकरांनी, असं ठरलं. तेव्हापासून वज्रबाहू लेकीच्या घरामागचा बांध राखायला रोज पलीकडे जायचा, आणि कर्दम त्याच्या कामात खोट काढायला रोज अलीकडे यायचा.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, सांगितली तेव्हा त्यांच्यापुढे दोन गावांची माणसं बसली होती. एका ओढ्याच्या पाण्यावरून डोकी फोडून घेऊन, न्याय मागायला आलेली. इकडचे एका बाजूला, तिकडचे दुसऱ्या बाजूला. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा राजा अरिंजय म्हणजे आज तुमच्यामागे उभा असलेला हा दंडनायक. वज्रबाहू आणि कर्दम म्हणजे माझ्याजवळचे हे दोन वृद्ध भिक्खू. अजूनही एकमेकांच्या चुका काढतात. नंदिका ती आज दारात पाण्याचे घडे भरून ठेवणारी उपासिका. आणि अमात्य क्षेमक तो मीच होतो."

मग दोन्ही गावांतले लोक पुढे सरकले. "आणि आम्ही, भंते? आम्ही त्या वेळी कुठे होतो?"

"तुम्ही सगळे त्या पाण्यात उभे होता, चिखलाने माखून."

"पण कोणत्या काठचे? हे पद्मकूटचे, की आम्ही?"

शास्ते हसले. "ते मला तेव्हाही ओळखू आलं नव्हतं," ते म्हणाले. "जिथे ते ओळखू येत नाही, त्यालाच मैत्री म्हणतात."